पौनी पायदळ पाहावी

भंडाऱ्याहून दक्षिणेला साधारण 45 किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी पवनी आहे. गावकरी तिला पौनी म्हणतात. बाहेरून आलेला पाहुणा गाडी बाजारात उभी करून ‘इथं पाहण्यासारखं काय आहे?’ असं विचारतो, तेव्हा पवनीच्या मित्राचं उत्तर ठरलेलं असतं, “पौनी पाहाची तं पायदळ पाहा लागते.”

तो बरोबरच सांगतो. या गावात गाडीतून दिसतं ते फारच थोडं. पहिली ओळख होते ती तटाची. पूर्वेकडे नदीचं संरक्षण, उरलेल्या तीन बाजूंना मातीचा जाडजूड तट आणि खंदक. पुढच्या राजवटींनी त्यावर दगडी बांधकाम चढवलं. नवख्याला तो झुडपं माजलेला उंचवटा वाटतो. सोबतचा माणूस जिथे हात करतो तिथे नजर स्थिरावली की मग उंचवट्याचा वळसा कळतो, दगडांच्या ओळी दिसू लागतात आणि आपण दोन हजार वर्षांहून जुन्या नगराच्या वेशीत उभे आहोत हे ध्यानात येतं.

खरा ऐवज आहे तो टेकड्यांत. जगन्नाथाच्या देवळामुळे जिला जगन्नाथ टेकडी म्हणतात, तिथे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ज. प. जोशी यांनी उत्खनन केलं. देवळाच्या पायाखाली बौद्ध स्तूप निघाला. पवनीचे स्तूप आकाराने थेट सांचीच्या महास्तूपाशी तुलना करावी असे आहेत. सांचीच्या स्तूपाचा व्यास आहे सुमारे 36.6 मीटर. पेरूमधल्या कुस्को शहरात इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला आणि ते पाहायला जगभरचे लोक जातात. पवनीतही एका श्रद्धेच्या जागेवर दुसरी श्रद्धा नांदते आहे. तिच्यासाठी मात्र शेजारच्या जिल्ह्यातूनही फारसं कोणी येत नाही.

स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले होते. ते वाचताना माणूस थबकतो. राजाचा तोरा तिथे नाही. आपल्या ऐपतीप्रमाणे एखादा खांब देणारी साधी माणसं त्यांत भेटतात, त्यांत स्त्रियाही आहेत. एका उपासिकेने आपलं दान सर्व प्राण्यांच्या सुखासाठी दिलं. फणा उभारलेल्या मुचलिंद नागाचं शिल्पही इथलंच, खाली त्याचं नावही कोरलेलं. आणि महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ! शकांची पदवी धारण करणाऱ्या या माणसाचा स्तंभ वैनगंगेच्या काठी कसा, या प्रश्नाने इतिहासकारांना बराच काळ गुंतवून ठेवलं.

पुढे गल्लीबोळांतून नदीकडे उतरायचं. वाटेत देवळांमागून देवळं लागतात. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात ते उगाच नाही. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी सर्वतोभद्र गणेश याच गावात आहे. कोष्ट्यांच्या मागांवर विणलेलं रेशीमकाठी कापड ही पवनीची आणखी एक जुनी ख्याती. मित्राच्या घरी जेवायला बसलं, तर ताटात जिल्ह्याचा सुवासिक चिन्नोर भात आणि नदीचे मासे हमखास असतात.

वैजेश्वराच्या घाटावर मात्र बोलणं गोसीखुर्दवर येतंच. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं. धरणाने शेतीला पाणी दिलं, पण काठची कितीतरी गावं उठवली, नदीही बदलून टाकली. घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिचं जुनं रूप सांगणारी पिढी अजून गावात आहे. तिच्याकडून ऐकून ठेवायची वेळ हीच आहे.

टेकड्यांवर नेमके फलक, तटाची साफसफाई आणि शाळकरी मुलांची एखादी सहल, एवढंही झालं तरी पवनीचं पारडं जड होईल. जाणाऱ्याने हिवाळ्यात जावं, ओळखीचा एखादा पवनीकर गाठावा आणि दिवस पूर्ण त्याच्या हवाली करावा. परतीच्या वाटेवर नागपूर लागतं. तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, पवनीचे दगड पाहायला विसरू नये.