गाण्यांच्या संगणकाला ताकद किती हवी?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अहिल्यानगरमध्येही घरचा जुना संगणक बदलायचा विषय निघू लागला. ज्यांचा संगणक मुख्यतः गाणी साठवून घरभर वाजवतो, त्यांतले बरेच जण दुकानात महागडा प्रोसेसर मागतात. आवाज सुधारेल म्हणून. तसं होत नाही. असा संगणक म्युझिक सर्व्हर (मागेल त्या यंत्राला गाण्याची फाइल पोहोचवणारा) असतो. चाळीतून कांदा काढून देणारा गडी कितीही दांडगा असला, तरी कांद्याची प्रत बदलत नाही. आवाज ठरतो तो मूळ फाइल, डॅक (अंकांचं विद्युत संकेतांत रूपांतर करणारा भाग) आणि स्पीकर यांवर.

सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला जेमतेम १४ लाख बिट मागतं. घरचं साधं वायफाय याच्या कितीतरी पट वाहून नेतं. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारी पद्धत) तासाभराची सीडी साधारण ३०० ते ४०० एमबीत बसते, म्हणजे १ टीबीत सुमारे अडीच हजार सीडी. तेव्हा बिनपंख्याचा साधा मिनी पीसी पुरतो. वाचलेल्या पैशांत दुसरी डिस्क घेऊन सगळ्याची प्रत ठेवावी. वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली भजनं बाजारात मिळत नाहीत. वीज वरचेवर जात असेल तर छोटा यूपीएसही घ्यावा, कारण फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर ती बिघडू शकते.