चपळाई आणि संयम : यंत्रयोद्ध्यांच्या खेळांतील दोन परंपरा

घरातील मुले पडद्यावर महाकाय यंत्रयोद्ध्यांची झुंज खेळू लागली की वडीलधाऱ्यांना ते सारे एकच वाटते. स्फोट, धूर आणि गोंगाट. वस्तुतः या खेळांत दोन भिन्न परंपरा आहेत. एकीत चपळाईला मोल आहे, तर दुसरीत संयमाला. त्या दोन वेगळ्या बाजारपेठांत वाढल्या आणि खेळणाऱ्याच्या मनाला त्या वळणही वेगळे लावतात. मुलाच्या हाती काय द्यावे, याचा निर्णय करणाऱ्या कुटुंबाने हा भेद जाणून घेणे इष्ट ठरते.

नाण्यावर चालणारी झुंज

पहिल्या परंपरेचा ठळक नमुना म्हणजे जपानच्या सेगा कंपनीचा ‘व्हर्च्युअल-ऑन’. १९९०च्या दशकाच्या मध्यास तो नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांवर आला. यंत्रयोद्ध्यांची रूपे ‘गंडम’ मालिकेच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या हाजिमे कातोकी यांनी रेखाटली होती. खेळाडूच्या हाती दोन उभे दांडे असतात आणि प्रत्येक दांड्यावर एक चाप व एक बटण. दोन्ही दांडे पुढे ढकलले की योद्धा पुढे जातो. एक पुढे व एक मागे केला की तो जागीच वळतो. दोन्ही बाहेरच्या बाजूंना ओढले की उडी घेतो. उडी घेताच तो आपोआप प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करतो. धावताना नजरेआड झालेला शत्रू असा पुन्हा समोर येतो, आणि या एका युक्तीवर सारे डावपेच उभे राहतात.

येथे डाव अल्प वेळात संपतो, त्याचे कारण व्यवहारात आहे. यंत्राच्या मालकाचे उत्पन्न तासाला किती नाणी पडतात यावर अवलंबून असते. एकच खेळाडू तासभर यंत्र अडवून बसला, तर मालकाचा तोटा होतो. म्हणून नियम थोडे, निकाल तत्काळ आणि हरणाऱ्याला पुन्हा नाणे टाकण्याचा मोह, अशी या खेळाची घडण आहे. हार झाली तरी जाते ते एक नाणे. मागे काही उरत नाही.

उष्णतेचा हिशेब

दुसरी परंपरा अमेरिकेतील ‘मेकवॉरियर’ मालिकेची. तिचे मूळ १९८४ साली आलेल्या ‘बॅटलटेक’ या पटावरील खेळात आहे. संगणकावरचा पहिला ‘मेकवॉरियर’ १९८९ मध्ये निघाला आणि १९९५च्या दुसऱ्या भागाने त्याला मोठी कीर्ती दिली. येथील यंत्रे २० ते १०० टन वजनाची आहेत. पाय एका दिशेने चालत असता धड दुसऱ्या दिशेला वळवता येते. हात, पाय, छाती यांचे कवच स्वतंत्र असते. एक पाय निकामी झाला की चालही मंदावते.

सर्वांत बोधप्रद आहे तो उष्णतेचा नियम. प्रत्येक माऱ्याने यंत्र तापते. अधीर खेळाडू सारी शस्त्रे एकदम डागतो आणि यंत्र आपोआप बंद पडून शत्रूसमोर निश्चल उभे राहते. तापमान फारच वाढले, तर आत साठवलेला दारूगोळाही पेट घेऊ शकतो. तेथे जो थांबून, निवांतपणे मारा करतो, तोच टिकतो.

चाळीस बटणांचा रथ

संयमाची ही कल्पना २००२ साली कॅपकॉम कंपनीने ‘स्टील बटालियन’ या खेळात टोकाला नेली. त्यासोबत सुमारे ४० बटणे, दांडे आणि तीन पायपट्ट्या असलेले प्रचंड नियंत्रक मिळे. अमेरिकेत त्याची किंमत २०० डॉलर होती. यंत्र सुरू करण्यासाठीही कळा क्रमाने दाबाव्या लागत. वेगात असताना एकाएकी वळवले तर ते कोलमडून पडे.

झाकणाखाली एक बटण होते, यंत्र सोडून बाहेर पडण्याचे. यंत्राचा नाश अटळ दिसताच ते वेळेवर दाबले नाही, तर चालक मृत मानला जाई आणि खेळाडूची साठवलेली सर्व प्रगती पुसली जाई. खेळ कितीही पुढे गेलेला असो, आरंभ पुन्हा शून्यापासून! एवढे महाग नियंत्रक मात्र याच मालिकेपुरते उपयोगी होते, हेही ग्राहकाने ध्यानी घ्यावे.

जमाखर्चाचा मध्यममार्ग

या दोहोंमध्ये उभी आहे फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीची ‘आर्मर्ड कोर’ मालिका. ती १९९७ मध्ये सुरू झाली व तिचा सहावा भाग २०२३ मध्ये आला. हालचालीत ती चपळ आहे, पण बांधणीत काटेकोर. पायांना पेलेल तेवढेच वजन आणि जनित्राला झेपेल तेवढीच शक्ती, या मर्यादेत एकेक भाग निवडून यंत्र जुळवावे लागते.

व्यापारी घरातील मुलाला तिचे एक वैशिष्ट्य सहज उमगेल. मोहीम जिंकल्यावर मेहनताना मिळतो खरा, पण त्यातून वापरलेल्या दारूगोळ्याचे आणि दुरुस्तीचे पैसे वजा होतात. उधळेपणाने लढून मिळवलेल्या विजयात हाती फारसे उरत नाही. १९९६च्या ‘मेकवॉरियर २ : मर्सेनरीज’मध्येही भाडोत्री दळाचा खर्च असाच सांभाळावा लागे.

निवड कशी करावी

हे सारे युद्धाचेच खेळ आहेत, हे विसरून चालणार नाही. समोर लोखंड दिसत असले, तरी कथेत बहुधा आत एक चालक बसलेला असतो. त्यामुळे अहिंसेचे संस्कार जपणाऱ्या घरात या विषयावर मुलांशी मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. वेळेची मर्यादाही घालून द्यावी. चपळ खेळाचा डाव लवकर संपतो, पण ‘आणखी एक’ म्हणता म्हणता संध्याकाळ निघून जाते. अनुकरणपर खेळाची मोहीम मध्येच सोडवत नाही. त्यासाठी आधीच वेळ ठरवावा लागतो.

भाऊबहीण शेजारी बसून खेळणार असतील, तर पहिली परंपरा आनंद देईल. एकाग्र, शोधक वृत्तीच्या मुलाला दुसरी अधिक रुचेल. आणि ‘स्टील बटालियन’मधील त्या झाकलेल्या बटणाचा अर्थ प्रौढांनीही समजून घेण्याजोगा आहे. बुडत्या सौद्यातून वेळेवर बाहेर पडणारा व्यापारी भांडवल वाचवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेढी उघडतो. ही गोष्ट मुलगा खेळता खेळता शिकला, तर त्याच्या खेळाचा काही वेळ सत्कारणी लागला म्हणावयाचा.