रोवणीची घाई आणि आखडलेली बोटे

जुलैत भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीला जोर येतो. सकाळीच पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटायचे, पेंढ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, फेकायच्या आणि घोटाभर चिखलात वाकून दिवस काढायचा. आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, नेमका इथेच आडवा येतो. तो बहुधा आधी बोटांचे आणि मनगटाचे लहान सांधे धरतो. त्याचा आखडलेपणा सकाळी सर्वांत जास्त असतो आणि तासभर, कधी त्याहूनही अधिक टिकतो. रोवणाऱ्या बायांची टोळी बांधीत उतरते तेव्हा आजारी बाईची मूठ धड मिटतही नसते. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये भिगवणला सुरू केलेल्या पाहणीत प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. भंडाऱ्यालाही तेच धरले, तर हजार प्रौढांच्या गावात असे पाच जण, त्यांत बायाच अधिक.

यावरच्या उपचारांचा पाऊणशे वर्षांचा प्रवास मोठा आहे. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधे जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिले, रुग्ण काही दिवसांत चालू लागला आणि 1950 मध्ये हेंच यांना नोबेल मिळाले. दुष्परिणाम मागाहून कळले. तरीही झटपट आराम देणारी स्टेरॉइडची सुई आजही खेड्यापाड्यांत टोचली जाते, हा त्या शोधाचा दुर्दैवी वारसा. 1988 मध्ये अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला या आजारासाठी मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदाच घ्यायचे, अधूनमधून रक्त तपासायचे हे औषध स्वस्त आहे आणि दाह मुळातच आवरते. जुना सल्ला मात्र विश्रांतीचा होता: पडून राहा, सांधा हलवू नका. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगाने तो मोडीत काढला. सुमारे तीनशे रुग्णांपैकी निम्म्यांनी दोन वर्षे आठवड्यातून दोनदा जोरकस व्यायाम केला, त्यांची कामाची ताकद वाढली आणि हातापायांच्या लहान सांध्यांची झीज वाढली नाही. आधीच झिजलेल्या मोठ्या सांध्यांबाबत मात्र जपून राहायला सांगितले गेले.

यावर कुणी म्हणेल, दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायामाचे कौतुक काय सांगता? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा. व्यायामात ताण हळूहळू वाढवता येतो, सूज आलेल्या दिवशी कमी करता येतो. रोवणीत तो टोळी ठरवते. या फरकाचा पुरावाही जुना आहे. 1980 मध्ये एडवर्ड येलिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. नोकरी टिकते की सुटते हे आजाराच्या तीव्रतेपेक्षाही, कामाचा वेग आणि वेळ स्वतःच्या हाती आहे का, यावर जास्त अवलंबून असल्याचे त्यांना दिसले. माझ्या मते भंडाऱ्यात गेल्या चार दशकांत सर्वांत कमी बदलले ते हेच: रोवणीचा वेग आणि वेळ बाईच्या हाती नसणे. याउलट विडीचे काम घ्या. विडी वळणे बोटांना रोवणीपेक्षा सोपे नाही, पण घरी बसून वळायच्या विडीला ऊन चढल्यावर हात लावता येतो. मोबदला नगावर, म्हणून तो घटतो. काम मात्र टिकते.

सरकारी मदतीचे काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. आमवाताची बोटे वाकडी होण्याआधी, म्हणजे औषध आणि हलके काम यांचा सर्वाधिक उपयोग असतो त्या पहिल्या वर्षांत, दाखल्याजोगे फारसे काही दिसत नाही. दाखला मिळतो तोवर हात गेलेला असतो. रोजगार हमीच्या नियमांत दिव्यांगांसाठी पाणी वाटणे, मुले सांभाळणे अशी कामे नमूद झाली, पण त्यांचा रस्ताही बहुधा दाखल्यावरूनच जातो.

शेवटचा आक्षेप टोळीचाच: एकीला सवलत दिली तर बाकीच्यांचा रोज बुडतो. रोजाने काम असेल तर हे खरे. पण रोवणी एकराच्या ठेक्याने घेतली असेल, तर मालक तासांचे नाही, रोवलेल्या बांधीचे पैसे देतो. मग पऱ्हे उपटण्याचा तास एकीला सोडून तिला नंतर बांधीत उतरू देणे आणि तेवढा हिस्सा कमी धरणे, हा हिशोब टोळीला आपसांत करता येतो. त्याला ना दाखला लागतो, ना सरकारी योजना.