पत्ता सापडेपर्यंत

ऐन उन्हाळ्यात अंगावर एकावर एक चढवलेले स्वेटर, केसांच्या जटा, काखोटीला चिंध्यांचं गाठोडं. अशा माणसाला लोक वळसा घालून पुढे जातात. त्याच्या जवळ कसं जायचं, हे शिकावंच लागतं. आधी चहा-बिस्किटं. घाई करायची नाही, अंगावर धावून जायचं नाही. आज नाही म्हणाला, तर उद्या पुन्हा.

१९८८ सालची गोष्ट. बोरिवलीत हॉटेलात बसलेल्या डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याला रस्त्यावर एक किडकिडीत तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला दवाखान्यात आणलं. औषधं लागू पडली आणि तो बोलू लागला. गडी बी.एस्सी. झालेला, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा केलेला, घर आंध्रात! यातून रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणारं 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' उभं राहिलं. आधी दोन खोल्यांत, मग दहिसरला आणि २००६पासून कर्जतला. दहिसरच्या शेजाऱ्यांना हे बिऱ्हाड नको होतं. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. २०१८मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रुग्ण संस्थेत आला, की आंघोळ, केस कापणं, पायाच्या जखमा धुणं ही पहिल्या दिवसाची कामं. अशा रुग्णांतल्या अनेकांना स्किझोफ्रेनिया असतो. गोळ्या-इंजेक्शनांनी कानातले आवाज काही आठवड्यांत ओसरू लागतात. मग सुरू होतं ते काम डॉक्टरपेक्षा गुप्तहेराला शोभणारं. बोलण्यावरून भाषा ओळखायची. रुग्ण गावाचं नाव सांगतो खरा, पण बिहार-उत्तर प्रदेशात एकाच नावाची कैक गावं! म्हणून विचारायचं : आठवड्याचा बाजार कुठे भरतो? स्टेशन कुठलं? पोलीस ठाणं कुठलं? एखादा धागा हाती लागला, की सरपंचाला नाहीतर ठाण्यात फोन.

घर सापडलं, की सोशल वर्कर रुग्णाला घेऊन गाडीत बसतो. घरच्यांनी कधीच आशा सोडलेली असते. कुठे दिवसकार्यही उरकलेलं असतं. गाव लोटतं, रडारड होते. फोटो निघतात तो हा क्षण. पण खरी मेख पुढेच आहे. "आता बरा झालाय की, गोळ्या कशाला?" हा प्रश्न ठरलेला, आणि गोळ्या बंद झाल्या की आजार उलटण्याची भीतीही ठरलेली. म्हणून चहा झाल्यावर ओसरीवर घरच्यांना बसवून कुठली गोळी सकाळी, कुठली रात्री, संपल्यावर कुठे मिळेल, हे सारं पुन्हा पुन्हा सांगायचं. मिठाईच्या गडबडीत ते ऐकणारं माणूस घरात एक तरी हेरावं लागतं. बहुधा ती आई असते किंवा वहिनी.

हे सगळं संस्थेच्याच गळ्यात का, असं वाटेल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार, रस्त्यावर भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असं वाटलं तर तिला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. तिला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यावं लागतं. आपल्या नाक्यावर असं कुणी दिसलं, तर ठाण्यात जाऊन या कलमाचं नाव घ्यावं.