बिनाका गीतमाला आणि श्रोत्यांचा कौल

‘आमचा माल घ्या’ असे थेट न म्हणता लोकांना आवडेल असे काही ऐकवायचे किंवा वाचायला द्यायचे आणि त्या निमित्ताने मालाचे नाव घरोघरी पोहोचवायचे, याला हल्ली कंटेंट मार्केटिंग म्हणतात. नाव नवे असले तरी धंदा जुना आहे. भारतातले त्याचे बहुधा सर्वांत गाजलेले उदाहरण एका टूथपेस्टचे. बिनाका टूथपेस्टसाठी डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा जेमतेम विशीचे होते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि बुधवारी रात्री आठला घराघरांतले रेडिओ सिलोनला लागत. त्याच काळात माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आवर घातला होता. सिलोनच्या ते पथ्यावरच पडले.

सुरुवातीला ही स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि पुढे आठवड्याचा आकडा ६५,०००पर्यंत गेल्याचे सयानी सांगत. एका पत्राला अर्धा मिनिट दिला तरी हे सुमारे ५४० तासांचे काम. म्हणजे अभिप्राय मागवण्याआधी तो वाचणार कोण, हे ठरवावे लागते. शिवाय या पत्रांत गाण्याची आवड किती आणि शंभर रुपयांची ओढ किती, हे वेगळे काढता येत नव्हते. आजही कूपनाच्या आमिषाने भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे असेच होते.

१९५४ मध्ये स्पर्धा बंद होऊन गीतमाला गाण्यांची लोकप्रियता क्रमाने सांगू लागली. एकेका क्रमांकाला सयानींनी ‘पायदान’ हा शब्द रूढ केला. आपले गाणे चढले की उतरले, हे कळण्यासाठी पुढच्या बुधवारची वाट पाहणे आले. श्रोत्यांचा कौलच कार्यक्रमाचा मजकूर झाला, ही यातली खरी करामत.

पण क्रम ठरवायचा कशावरून? आधी रेकॉर्डच्या खपावरून. हे माप पत्रांपेक्षा भरवशाचे, कारण त्यात माणूस खिशातले पैसे मोजतो. तरीही ते तोकडे होते. दुकानातली रेकॉर्ड संपली की खप थांबतो, आवड थांबत नाही. ज्यांच्याकडे रेडिओ आहे पण ग्रामोफोन नाही, अशांचे मत तर त्यात येतच नाही. म्हणून पुढे गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही विचारात घेतली जाऊ लागली. एका मापाची उणीव दुसऱ्या मापाने भरून काढायची, ही रीत आजच्या जाहिरातदारालाही लागू पडते. व्हिडिओ किती जणांनी उघडला, यासोबत तो कुठवर पाहिला हे बघावे लागते. आणि दुकानात येऊन लोक पुन्हापुन्हा काय विचारतात, हे तर गल्ल्यावर बसणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक असते. फक्त त्याला कोणी विचारत नाही.

पत्रांतला आणखी एक पेच झुमरी तिलैया या गावाने दाखवून दिला. आजच्या झारखंडमधले, अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे हे छोटे गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. तिथल्या हौशी मंडळींमध्ये पत्रे पाठवण्याची जणू चढाओढ असे. त्या पत्रांवरून देशाची आवड ठरवली असती, तर ती मूठभर लोकांची निघाली असती. लिहिणारे थोडे असतात आणि गप्प ऐकणारे पुष्कळ. या गप्प लोकांचे मत मिळवायचे तर वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या गावांतली थोडी माणसे आपण होऊन निवडावी आणि ‘आवडले का?’ असे न विचारता ‘कुठे कंटाळा आला?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला लोक भिडेखातर ‘हो’ म्हणून मोकळे होतात.

भीड नसलेला कौल एकच: रेडिओची सुई दुसरीकडे वळणे. त्याला ना पत्र लागते ना पोस्टाचे तिकीट. आकाशवाणीचे श्रोते सिलोनकडे वळले, तेव्हा त्यांनी हेच केले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि चित्रपटगीते सन्मानाने परत आली. तीन दशकांनंतर, १९८९ मध्ये, खुद्द गीतमालाही सिलोन सोडून विविध भारतीवर वाजू लागली.