कायस ग्रॅकस

(काइयुस ग्राकुस). फ्रेंच नाटककार व कवी मारी जोझेफ शेन्ये (१७६४–१८११) ह्याची तीन अंकी पद्य शोकात्मिका. पहिला प्रयोग ९ फेब्रुवारी १७९२ रोजी पॅरिस येथे झाला.

कथानक मुख्यतः प्लूटार्कच्या चरित्रावर आधारलेले आहे. टायबीरिअस ग्रॅकस ह्याने इ. स. पू. १३३ मध्ये सार्वजनिक जमिनीच्या धारणेवर ५०० यूगेरांची (सु. १२५ हेक्टर) मर्यादा घालणारा कायदा संमत करून घेतला व त्याच वर्षी सनातनी सिनेटरांनी त्याचा वध केला. त्याचा धाकटा भाऊ कायस हा इ. स. पू. १२३ व १२२ ह्या वर्षी ट्रिब्यून होता. गरिबांना स्वस्त धान्य व लॅटिनांना नागरिकत्व ह्यांसाठी त्याने प्रयत्न केले. इ. स. पू. १२१ मध्ये कॉन्सल ओपीमिअस ह्याने त्याच्या पक्षाचा निःपात केला. नंतर त्याच ओपीमिअसने रोममध्ये ‘सुसंवाद’ देवतेचे मंदिर उभारले. इतिहासातील हा उपरोध कोणत्याही नाटककाराला सुचला नसता.

शेन्येचे नाटक कायसच्या अखेरच्या काळापुरते आहे. भावाचा सूड घेण्यास लोक उत्सुक असताना कायस मात्र रक्तपाताऐवजी कायद्याचा मार्ग धरतो आणि शेवटी नागरिकांचे रक्त सांडू नये म्हणून स्वतः मरण पत्करतो. माता कॉर्नीलिआ हीच नाटकातील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा होय. ओपीमिअस त्या मानाने ठोकळेबाज असून संवाद पुष्कळदा सभेतील भाषणांसारखे होतात.

नाटकाची खरी कसोटी रंगभूमीबाहेर लागली. २ ऑगस्ट १७९३ च्या आदेशान्वये कन्व्हेन्शनने पॅरिसमधील नाट्यगृहांना व्हॉल्तेअरचे ब्रूटस, ल्मिएरचे विल्यम टेल ह्यांसारख्या नाटकांबरोबर ह्या नाटकाचेही प्रयोग करावयास लावले. पण त्याच वर्षी एका प्रयोगात, कायद्याची महती सांगणाऱ्या ओळीला प्रेक्षकांनी टाळ्या देताच कन्व्हेन्शनचा सभासद आल्बीत ह्याने उभे राहून ती ओळ उलटी फिरवली व कायद्यांऐवजी रक्ताची मागणी केली. पुढे नाटक रंगभूमीवरून दूर झाले. शेन्ये स्वतः कन्व्हेन्शनचा सभासद होता आणि राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्याने मत दिले होते, हे लक्षात घेता ह्या प्रसंगाचे गांभीर्य कळते. त्याच्या तीमोलेआँ ह्या पुढील शोकात्मिकेवरही बंदी आली. त्याचा थोरला भाऊ, कवी आंद्रे शेन्ये, २५ जुलै १७९४ रोजी गिलोटीनखाली मारला गेला.

समान संपत्तीचा पुरस्कर्ता फ्रांस्वा नोएल बाबफ (१७६०–९७) ह्याने ‘ग्राकुस’ हे नाव धारण केले होते. ह्याच विषयावर इटालियन कवी व्हींचेन्त्सो मोंती (१७५४–१८२८) ह्याचे नाटक एकोणिसाव्या शतकारंभी पुढे आले; आयरिश नाटककार जेम्स शेरिडन नोल्झ ह्याच्या नाटकाचा पहिला प्रयोग १८१५ मध्ये बेलफास्ट येथे झाला.