बांबूची रवी आणि कोकणातले सूप

कोकणच्या गृहजीवनात बांबूच्या भांड्यांना धातूच्या भांड्यांइतकेच मानाचे स्थान आहे. धान्य पाखडावयास सूप, तांदूळ धुवावयास रोवळी, फुले वेचावयास परडी आणि ओझे वाहावयास टोपली ही भांडी पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत नांदत आली. गौरीच्या सणात नवविवाहितेचा ओवसा भरावयाचा, तोही सुपातच. परंतु प्लास्टिकचे टोपले आणि ॲल्युमिनियमची चाळण बाजारात आल्यापासून या भांड्यांची रोजची गरज ओसरली. सणापुरती मागणी उरली, तर कारागिराला वर्षभर काम कोठून मिळावे, आणि त्याच्या मुलाने हातात कोयता का धरावा, हा प्रश्न आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अनेक वाड्यांपुढे उभा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना जपानमधील ताकायामा या गावाकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल. नारा प्रांतातील इकोमा शहरात आज समाविष्ट असलेले हे गाव सुमारे पाचशे वर्षांपासून एकच वस्तू घडवीत आले आहे. ती वस्तू म्हणजे चहाची रवी. जपानी चहापान-विधीत चहा उकळीत नाहीत. हिरव्या पानांची वस्त्रगाळ पूड वाडग्यात घेऊन तिच्यावर गरम पाणी ओततात आणि बांबूच्या रवीने फेस येईपर्यंत घुसळतात. या रवीस ‘चासेन’ म्हणतात. पूड घेण्याची चमची ‘चाशाकु’ आणि पाणी घेण्याचा पळा ‘हिशाकु’ हीदेखील बांबूचीच असतात.

एका पेरातून शंभर काड्या

चासेन जोडकामाने तयार होत नाही. बांबूच्या एकाच तुकड्यातून ती कोरली जाते. गाठीखालचा भाग मूठ म्हणून राखतात. गाठीवरच्या पोकळ भागाची साल तासून त्याचे प्रथम सोळा उभे भाग करतात. प्रत्येक भागाचा आतला मऊ गर काढून टाकतात आणि उरलेली कामटी पुन्हा चिरीत जातात. प्रकारानुसार सुमारे 60 ते 120 काड्या निघतात. मग टोके गरम पाण्यात भिजवून सुरीने इतकी पातळ करतात की ती लवचीक व्हावीत. काड्यांच्या कडाही मोडतात, म्हणजे चहाची पूड त्यांना चिकटत नाही. शेवटी एक काडी आत व एक बाहेर अशी रचना करून ती दोऱ्याने बांधतात. हे सारे काम हातांनी आणि साध्या सुऱ्यांनी होते.

मात्र या कलेचे मर्म सुरीत जितके आहे, तितकेच सुरी हाती घेण्यापूर्वीच्या प्रतीक्षेत आहे. बांबू थंडीच्या दिवसांत तोडतात, उकळून त्याचे तेल काढतात, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत उभा करून हिवाळी उन्हात वाळवितात आणि पुढे दोन-तीन वर्षे कोठारात मुरवितात. जुन्या शाकारलेल्या छपरांखाली चुलीच्या धुराने काळवंडलेला बांबू तर विशेष मोलाचा मानला जातो.

आपल्या वाडवडिलांचे शास्त्र

यातील कोणतीच गोष्ट कोकणातील जाणत्या माणसास परकी वाटणार नाही. नवी भांडी चुलीवरील धुरात टांगावीत, सूप शेणाने सारवून किंवा मेथीच्या लगद्याने लिंपून घ्यावे, बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, या रीती आपल्याकडेही आहेत. त्यांमागे शास्त्र आहे. बांबूच्या अंगी पिष्ट असते आणि भुंगेरा त्या पिष्टासाठीच त्याला पोखरतो. पाण्यात बुडविल्याने पिष्ट पाझरून जाते, तर धुराने कीड दूर राहते. तीन वर्षांखालील कोवळा बांबू वाळताना आक्रसतो. पावसाळ्यात कोंब फुटत असता तोड केली, तर सारे बेटच दुबळे होते. म्हणून पक्व बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडणे हे बेटाच्या आणि भांड्याच्या, दोघांच्याही हिताचे असते.

मग फरक कोठे पडला? ताकायामात ही प्रतीक्षा किमतीत मोजली जाते. आपल्याकडे ती मोजली जात नाही. 1974 साली जपानने पारंपरिक हस्तव्यवसायांच्या संवर्धनासाठी कायदा केला आणि 1975 साली ताकायामाच्या चासेनला त्याखाली मान्यता मिळाली. वस्तू नित्य वापरातील असावी, मुख्य काम हाताचे असावे आणि ते जुन्या पद्धतीनेच व्हावे, अशा अटी त्यात आहेत. परदेशी स्वस्त रव्या बाजारात आल्या, तरी अस्सल मालाची ओळख त्यामुळे टिकून राहिली.

नक्कल नव्हे, धडा

याचा अर्थ आपण चासेन करावयास लागावे, असा नव्हे. चासेनला पातळ भिंतीचा पोकळ बांबू लागतो. सिंधुदुर्गचा प्रसिद्ध माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यास काटे नसतात आणि तो शेताच्या बांधावर सहज वाढतो. काठ्या, फर्निचर आणि बांधकाम यांसाठी तो उत्तम होय. कुडाळ येथे 2004 साली स्थापन झालेल्या कोकण बांबू आणि केन विकास केंद्राने याच दिशेने काम केले आहे. परंतु जिल्ह्यातील बांबू केवळ काठीच्या रूपाने ट्रकमध्ये चढला, तर घडणावळीची मजुरी दुसऱ्या गावात पडते. कणकवली तालुक्यातील नांदगाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, तेथूनच देवगडकडे रस्ता फुटतो आणि कोकण रेल्वेचे नांदगाव रोड स्थानकही जवळ आहे. दळणवळणाची अशी सोय असलेल्या गावातून कच्चा माल जावा की तयार वस्तू, याचा विचार ग्रामपंचायतींनी अवश्य करावा.

कायद्याची मोठी अडचण आता दूर झाली आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू त्यातून वगळला गेला. राज्यात 2018 साली आलेल्या प्लास्टिकबंदीने आणि 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर आलेल्या बंदीने बांबूस पुन्हा वाव मिळाला आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत टोपल्या आणि चटया विणणाऱ्यांचाही समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत 3 लाख रुपयांपर्यंत 5 टक्के व्याजाने कर्ज, अशी तीत तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. म्हणून आपल्या वाडीतील कोणता कारागीर नोंदणीवाचून राहिला आहे, हे सरपंच व सदस्यांनी स्वतः पाहावे.

शिक्षकांचेही यात कार्य आहे. कार्यानुभवाच्या तासाला गावातील कारागिरास सन्मानाने पाचारण करावे. बांबूचे वय कसे ओळखावे, कामटी कशी काढावी, सूप कसे वळावे, हे त्याच्याकडून मुलांनी शिकावे. ज्या कामाकडे गाव हलके म्हणून पाहते, ते काम पुढची पिढी उचलीत नाही. ताकायामाच्या रवीस मोल आले, कारण तिच्यामागील श्रम गिऱ्हाइकास ठाऊक होते. सुपामागील श्रम आपल्या मुलांस ठाऊक झाले, तर त्याची योग्य किंमत देण्यास उद्याचा गिऱ्हाईक कचरणार नाही.